उसना कौल

स्वतः होऊन दिलेले मत निराळे आणि हाती धरून वदवून घेतलेले मत निराळे, हे भोपाळकरांना तरी सांगावयास नको. येथील वायुपीडित स्त्रीपुरुष २००६ साली, आणि पुन्हा २००८ साली, दिल्लीपर्यंत पायी चालत गेले. ती जनतेची हाक होती. डिसेंबर २०१५ मध्ये याच देशात दुसरी एक 'जनतेची हाक' उठली, आणि ती देण्यासाठी कोणाला घराचा उंबरठाही ओलांडावा लागला नाही!

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने त्या महिन्यात लोकांना विचारले होते, की इंटरनेटवरील निरनिराळ्या मजकुरासाठी निरनिराळे दर आकारू द्यावेत काय? फेसबुकची 'फ्री बेसिक्स' योजना नेमकी या प्रश्नात सापडली होती. रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या ग्राहकांना निवडक संकेतस्थळे फुकट; बाकीच्या विश्वास मात्र दाम. कंपनीने पानपानभर जाहिराती दिल्या. मार्क झुकरबर्ग यांनी इंग्रजी दैनिकात लेख लिहून महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याचा दाखला दिला. इथवर आमची तक्रार नाही. व्यापाऱ्याने आपला माल वाखाणावा, हे रीतीला धरूनच आहे.

परंतु कंपनी तेथे थांबली नाही. तिने आपल्या सभासदांपुढे आयता मजकूर ठेवला. कळ दाबली की तो त्यांच्या नावाने प्राधिकरणाकडे रवाना! आलेल्या सुमारे २४ लाख प्रतिसादांपैकी जवळजवळ १९ लाख या वाटेने आले. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्या आयत्या मजकुरात नव्हतीच. जानेवारी २०१६ मध्ये प्राधिकरणाने कंपनीला लेखी खडसावले, की ही मसलत म्हणजे घडवून आणलेली मतगणना नव्हे.

कोणी म्हणेल, विरोधकांनीही तयार मसुदे वाटलेच होते. वाटले होते खरे. पण टपालपेटी त्यांच्या मालकीची नव्हती. येथे जिचा नफा पणाला लागला होता, तिच्याच अंगणात लोक रोज मित्रांची खुशाली विचारावयास येत, आणि तेथेच तिने त्यांचे हात धरले. देवापुढे कौल लावावा आणि ज्याचा दावा असेल त्यानेच बोटाने पाकळी पाडावी, तर त्या कौलास आपल्या देवळांतून कोण मान देईल? गरिबाला फुकट इंटरनेट नको, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. कित्येकांनी ती कळ मनापासूनही दाबली असेल. मात्र मनापासूनचे किती आणि सवयीने दाबणारे किती, हे निवडण्याची सोयच कंपनीने ठेवली नाही. खऱ्या समर्थकांचा शब्दही तिने असा मातीमोल केला.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने असे भेददर्शी दर मना केले. भंगाबद्दल दिवसाला ५० हजार रुपये दंड, कमाल ५० लाख. त्याच आठवड्यात कंपनीने ही योजना भारतातून काढून घेतली. त्या लाखो सह्यांचे पुढे काय, हे सही करणाऱ्यांपैकी कोणी विचारल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.