नऊ पौंड पंधरा पेन्सचा शर्ट

दरवर्षी ८ जूनला दुपारी तीनच्या सुमारास चीनमधल्या अनेक शहरांत परीक्षा केंद्रांजवळचे हॉर्न बंद होतात, बांधकामं थांबतात. गाओकाओ या प्रवेशपरीक्षेत इंग्रजी श्रवणाचा भाग सुरू झालेला असतो.

राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेच्या १५० गुणांपैकी ३० गुण ऐकण्याचे. पहिले पाच संवाद एकदाच वाजतात. चुकून खोकला आला तर दीड गुणावर पाणी! त्याआधी येतो नमुना प्रश्न: शर्ट कितीला? उत्तर, नऊ पौंड पंधरा पेन्स. हा शर्ट न ऐकलेला चिनी पदवीधर शोधावाच लागेल.

आकलनाच्या उताऱ्यांना ५० गुण आहेत. तिथेही पर्यायच निवडायचे. त्यामुळे शिकवणीचा भर उतारा समजून घेण्यापेक्षा चुकीचे पर्याय छाटण्यावर राहतो.

बीजिंगने २०२१ पासून वेगळी वाट धरली. तिथे ऐकणं आणि बोलणं मिळून ५० गुण, परीक्षा संगणकावर आणि वर्षातून दोन संधी. हे योग्यच झालं. मात्र ही पद्धत देशभर न्यायची, तर आधी खेड्यातल्या शाळेला चांगले हेडफोन आणि गोष्टींची इंग्रजी पुस्तकं द्यायला हवीत. नाहीतर हे गुण शहरी मुलांनाच आंदण मिळतील.