घरघर म्हणजे गोंगाट नव्हे

आमच्या विभागाच्या गेल्या बैठकीत एक ठराव मांडला गेला. ध्वनिमुद्रणासाठी आम्ही वापरतो त्या संगणकप्रणालीची नवी आवृत्ती आली आहे, ती ३१ मार्चच्या आत विकत घ्यावी, असा तो ठराव. सोबत विक्रेत्याचे दरपत्रक होते: तीन संगणक, तीन वर्षांचे सदस्यत्व, रुपये ६८ हजार. ठरावाला विरोध करणारे आम्ही दोघेच निघालो. बैठकीत वेळ अपुरा पडला (चहा आला की तो नेहमीच अपुरा पडतो), म्हणून आमचे म्हणणे येथे मांडीत आहोत. खरेदी एका महाविद्यालयाची असली तरी ज्या ज्या मराठी विभागांच्या कपाटांत लोकसाहित्याच्या ध्वनिफिती पडून आहेत, त्या सर्वांपुढे हा प्रश्न आज ना उद्या येणारच आहे.

आधी कपाटाविषयी. आमच्या विभागाच्या निवृत्त प्रमुखांनी १९९४ ते २००३ या काळात भोर आणि वेल्हे तालुक्यांतील गावांतून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. एकूण ४३ कॅसेटी, प्रत्येकी साठ मिनिटांच्या. बायका प्रत्यक्ष दळत असताना केलेले हे मुद्रण आहे. टाळ्या वाजवून किंवा खुर्चीत बसवून गाऊन घेतलेले नव्हे. आज त्यांपैकी संगणकावर उतरवून झालेल्या कॅसेटी किती? नऊ. याच काळात ध्वनिमुद्रणाची प्रणाली आम्ही किती वेळा विकत घेतली? दोनदा, २००९ मध्ये आणि २०१६ मध्ये. दोन्ही वेळा बैठकीत आम्हीही होतो आणि दोन्ही वेळा आमचा हात वर होता. तेव्हा पुढे जे काही कठोर बोलू, त्यातला अर्धा वाटा आमचा आम्हांलाच आहे असे वाचकांनी समजावे.

ठरावाच्या बाजूने तीन युक्तिवाद झाले. पहिला असा की, नवी आवृत्ती १९२ किलोहर्ट्‌झपर्यंत मुद्रण करते. हा आकडा ऐकून सभा दबून गेली. वस्तुतः माणसाच्या कानाला फार तर २० किलोहर्ट्‌झपर्यंतचे ऐकू येते, आणि एखादी कंप्रता पकडायची तर तिच्या दुपटीहून थोड्या अधिक वेगाने नमुने घेतले की पुरतात, सीडीचा ४४.१ हा आकडा त्यातूनच आला. आमच्या कॅसेटींचे म्हणाल तर साध्या हातातल्या रेकॉर्डरवर भरलेल्या त्या फितींवर १२-१५ किलोहर्ट्‌झच्या वर फितीच्या स्वतःच्या सळसळीखेरीज काहीही नाही. ध्वनिअभिलेखागारांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, आयसा, तिची टीसी-०४ ही मार्गदर्शिका जुन्या फितींसाठी किमान ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिट सांगते, शक्य तर ९६ घ्या म्हणते. हे दोन्ही आमची २०१६ ची प्रणाली करते. २००० साली जगापुढे आलेली आणि एक पैसाही न घेणारी ऑडॅसिटीसुद्धा करते. ९६ आणि २४ च्या हिशेबाने एका तासाच्या मोनो मुद्रणाला साधारण एक जीबी जागा लागते. म्हणजे आमच्या ४३ कॅसेटींचा सारा ऐवज ६४ जीबीच्या एका पेनड्राइव्हमध्ये मावतो. असा ऐवज सांभाळायला ६८ हजारांचे कोठार कशाला?

दुसरा युक्तिवाद अधिक गंभीर आहे, कारण त्यात आमच्या शास्त्राचाच प्रश्न आहे. नवी आवृत्ती म्हणे एका कळीसरशी गोंगाट काढून टाकते. विक्रेत्याच्या प्रतिनिधीने ते करूनही दाखविले. आमच्याच एका कॅसेटीचा तुकडा त्याने घेतला, कळ दाबली, आणि जात्याची घरघर नाहीशी झाली. बाईचा आवाज एकटाच, एखाद्या बंद खोलीत गायल्यासारखा, स्वच्छ ऐकू येऊ लागला. सभेने माना डोलावल्या. एका सहकाऱ्यांनी तर 'किती शुद्ध!' असे उद्‌गार काढले.

याच 'शुद्ध' शब्दावर आम्हांला भांडायचे आहे. गोंगाट काढण्याची जुनी रीत अशी: जेथे कोणी बोलत नाही असा तुकडा निवडायचा, त्यातील ध्वनीचा नमुना प्रणालीला द्यायचा, आणि तिने तेवढ्या तेवढ्या कंप्रतांच्या पट्ट्यांत ठरावीक पातळीखालचे सारे दाबून टाकायचे. नवी रीत आणखी पुढची. माणसाचे बोलणे कसे असते हे प्रणालीला असंख्य नमुन्यांवरून शिकविलेले असते. त्यासारखे जे भासेल ते ती ठेवते आणि उरलेले फेकते. कार्यालयातल्या पंख्याच्या आवाजावर ही विद्या रामबाण आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु जाते म्हणजे पंखा नव्हे. ओवीची चाल जात्याच्या फेऱ्याला बांधलेली असते. हाताला जोर लागतो तेथे स्वर ताणला जातो, आणि फेरा सैल होतो तेथे ओळ सुटते. ओवीछंदाच्या अक्षरसंख्येतील लवचिकपणाची चर्चा आपण वर्गात तासन्‌तास करतो. तिचे उत्तर ज्या घरघरीत आहे, तिलाच गोंगाट म्हणून केराची टोपली दाखवायची?

एक उदाहरण देतो. प्रणालीची चाचणी म्हणून आम्ही त्याच तुकड्याच्या दोन प्रती केल्या, एक मूळ आणि एक धुतलेली, आणि एम.ए.च्या दोन विद्यार्थिनींना स्वतंत्रपणे लिहून काढायला दिल्या. तिसऱ्या ओवीच्या मध्यावर बाई अचानक थांबते. धुतलेली प्रत ऐकणाऱ्या मुलीने कंसात टीप लिहिली: 'गायिका ओळ विसरली.' मूळ प्रत ऐकणाऱ्या मुलीने लिहिले: 'येथे जात्यात वैरण घातली.' तिला दाणे पडल्याचा आवाज आला होता, जात्याचा स्वर क्षणभर जड झाल्याचे जाणवले होते. ती शेतकऱ्याच्या घरातली आहे. तिच्या आजीच्या घरी जाते अजून आहे. पहिली मुलगी काही कमी हुशार नाही. तिला जे ऐकायला दिले, तेच तिने लिहिले.

याहून वाईट पुढेच आहे. मूळ मुद्रणात दुसरी एक बाई आहे. जात्याचा खुंटा दोघींनी धरलेला असतो. एक गाते, दुसरी ओळीचा शेवट उचलते, पुटपुटल्यासारखा, श्वासाच्या आधाराने. ती मायक्रोफोनपासून लांब होती. प्रणालीने तिला जात्यासकट पुसून टाकले. दोन बायकांचे गाणे एका बाईचे झाले, आणि एकाकी स्त्रीमनाचा हुंकार वगैरे जे काही आपण ओवीविषयी लिहीत असतो, त्याला आयता पुरावा मिळाला! उद्या या धुतलेल्या प्रतींवर कोणी प्रबंध लिहिला तर त्यातले निष्कर्ष कोणाचे म्हणायचे, संशोधकाचे की कळीचे?

मंडळी म्हणतील, मूळ प्रत जपून ठेवा आणि धुतलेली वापरा. तत्त्वतः मान्य. हस्तलिखित आणि संपादित आवृत्ती यांतला भेद आपल्या परंपरेला नवा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती अनेक प्रती समोर ठेवून, ताडून. आणि त्यानंतरही राजवाड्यांना १९०९ मध्ये वेगळी, जुनी प्रत छापून साऱ्या वादाला पुन्हा तोंड फोडावेसे वाटले. राजवाड्यांचे सगळेच निर्णय आम्हांला पटतात असे नव्हे. पण वाद घालायला त्यांच्या हाती प्रत होती. आमच्याकडे ४३ पैकी ३४ कॅसेटींची मूळ प्रतच अजून तयार झालेली नाही. जी प्रत नाही ती जपणार कशी, आणि धुणार तरी काय?

तिसरा युक्तिवाद 'विद्यार्थ्यांना अद्ययावत साधन मिळायला हवे' हा. त्यावर फार बोलायचे कारण नाही. ज्या विद्यार्थ्यांना ऐकण्यासाठी धड हेडफोन नाहीत, त्यांना अद्ययावत साधन म्हणून भाड्याची प्रणाली द्यायची, यात अद्ययावत काय ते एकच: भाडे. आणि हे खरोखरच भाडे आहे. पूर्वी प्रणाली विकत मिळे, आता बव्हंशी सदस्यत्व मिळते. कूल एडिट ही एके काळी लोकप्रिय असलेली प्रणाली २००३ मध्ये अ‍ॅडोबीने घेतली, तिचे ऑडिशन झाले, आणि २०१३ पासून नव्या आवृत्त्या सदस्यत्वावर मिळू लागल्या. केकवॉकच्या सोनारचा विकास गिब्सनने नोव्हेंबर २०१७ मध्ये थांबविला. पुढच्या वर्षी बँडलॅबने ती उचलली म्हणून वापरणाऱ्यांचे निभावले. व्यवसाय म्हणून यात काही गैर आहे असे आम्ही म्हणत नाही. संगीताचे स्टुडिओ रोज कमावतात आणि रोज भाडे भरतात, त्यांचा हिशेब जुळतो. महाविद्यालयाचे अनुदान मात्र एखाद्या वर्षी येते आणि पुढची चार वर्षे येत नाही. चौथ्या वर्षी दार बंद झाले की आत ठेवलेले काम कोणाचे?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. २०१६ मध्ये आवृत्ती बदलली तेव्हा आमच्या जुन्या प्रकल्प-फायली नव्या प्रणालीत उघडेनात. ध्वनी वाचला, कारण तो साध्या वेव्ह फायलींत होता. गेल्या त्या खुणा: कोणती ओवी कोठे सुरू होते, कोण गाते आहे, कोठे हसू आले, कोठे मूल रडले. नऊ कॅसेटींच्या खुणा घालायला दोन उन्हाळी सुट्ट्या गेल्या होत्या. चौकशी केली असता, जुन्या आवृत्तीत जाऊन फायली दुसऱ्या स्वरूपात साठवून आणा, असा सल्ला मिळाला. जुनी आवृत्ती ज्या संगणकावर होती तो तोवर भंगारात निघाला होता, तोही नव्या खरेदीला जागा व्हावी म्हणून. तेव्हापासून आम्ही खुणा साध्या मजकुराच्या फाइलीत लिहितो, मिनिट आणि सेकंदासह, आणि एक प्रत कागदावर छापून कॅसेटीच्या डबीत ठेवतो. या शोधाला ६८ हजार लागले नाहीत.

मग पैसे खर्चायचेच नाहीत काय? खर्चायचे, आणि लवकर. आमच्या कॅसेट डेकचा रबरी पट्टा सैल झाला आहे, त्यामुळे आवाज मधूनच घसरतो. डेकचे शीर्ष फितीला काटकोनात नसेल तर वरच्या कंप्रता जातात, 'स' आणि 'श' एकसारखे ऐकू येतात, आणि एकदा तसे उतरले की पुढे कितीही भारी प्रणालीला ते नीट सावरत नाही. ती दुरुस्ती छोट्या स्क्रूची, कानाने ऐकत, प्रत्येक कॅसेटीसाठी वेगळी करावी लागते. ती जाणणारे कारागीर आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. काही फितींवर बुरशी धरली आहे. आणि लिहून काढणे! एका तासाच्या मुद्रणाला आम्हांला आठ ते दहा तास लागतात. एवढे करूनही जे शब्द लागत नाहीत, ते विचारायला पुन्हा गावात जावे लागते. १९९६ मध्ये साठीला टेकलेली बाई आज नव्वदीच्या घरात असेल, असली तर. नव्या आवृत्तीत या कशालाच कळ नाही.

गी पॉइट्व्हां आणि हेमा राईरकर यांनी जमविलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या २०१७ पासून 'पारी'वर प्रसिद्ध होऊ लागल्या. त्यांच्या पानावर ओवीसोबत गाणारीचे नाव असते, गाव असते. आमच्या कॅसेटींवर बहुधा तेही नाही. १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोनच्या तबकडीवर गाताना गौहर जान शेवटी स्वतःचे नाव सांगत, म्हणून ते राहिले. आमच्या दहाव्या कॅसेटीच्या चिठ्ठीवर निळ्या शाईत एवढेच आहे: 'वेल्हे, वरची आळी, म्हातारी, बाजू अ.' तिची सून त्याच आळीत राहते, असे गेल्या आठवड्यात एका विद्यार्थ्याकडून कळले. दरपत्रक आम्ही शेऱ्यासह कार्यालयात परत केले आहे. डेक दुरुस्तीला दिला आहे. रविवारच्या सकाळच्या एसटीने आम्ही दोघे वेल्ह्याला जातो आहोत. तिकिटे आमच्या खिशातून, कारण प्रवासखर्च त्या शीर्षाखाली बसत नाही, असे लेखा विभागाचे म्हणणे पडले.