पार्लेकरांनो, जामीनदार व्हा!



गेल्या आठवड्यात पार्ले पूर्वेतल्या एका सोसायटीच्या फलकावर सूचना लागली: ज्यांच्या घरातलं कुणी तुरुंगात जाऊन आलं आहे, त्यांना घरकामाला ठेवू नये. सूचनेत नाव नव्हतं, पण ती कुणासाठी आहे हे त्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्या बाई तिथल्या चार घरांत कित्येक वर्षं धुणीभांडी करत होत्या. त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला मोबाइलचोरीच्या संशयावरून धरलं होतं. न्यायालयाने त्याला पंधरा हजारांचा जामीन मंजूर केला. तरी तो पुढे दीड महिना आर्थर रोडच्या तुरुंगात राहिला, कारण पगाराची पावती किंवा स्वतःच्या नावावर घर असलेला जामीनदार त्याच्या आईला मिळेना. ती चारही दारांत विचारून आली. सही कुणीच केली नाही. आणि आता त्याच चार घरांना ही सूचना. त्या मुलाचा खटला अजून उभाही राहिलेला नाही!

आम्ही मंडळाचे सभासद संतापलो आहोत आणि तो संताप लपवणार नाही.

तुरुंगात कोण असतं, हे एकदा नीट बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही असे. महाराष्ट्रात पाच कैद्यांत चार कच्चे. आर्थर रोडमध्ये क्षमतेच्या तिप्पट-चौपट माणसं असतात. या कच्च्या कैद्यांत जवळपास निम्मे तिशीच्या आतले आहेत. सुमारे दोन तृतीयांश एकतर निरक्षर, नाहीतर दहावीच्या आत शाळा सुटलेले. अनुसूचित जाती देशाच्या लोकसंख्येत १६.६ टक्के आहेत, कच्च्या कैद्यांत वीस टक्क्यांच्या वर. आदिवासी आणि मुसलमान यांचंही प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त.

आणि पारधी? १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, पारधी त्यांतलेच. तो कायदा स्वतंत्र भारताने १९५२ साली रद्द केला, पण संशय काही रद्द झाला नाही. कुठे घरफोडी झाली की पहिली धाड अजून पारध्यांच्या पालावर पडते. तुरुंगातली कामं जात बघून वाटणं घटनाबाह्य आहे आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाका, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला. तोही मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी याचिका केली म्हणून.

"काही केल्याशिवाय पोलीस उगाच धरतात का?" हे ऐकून आमचे कान किटले आहेत. केलं की नाही ते न्यायालय ठरवील, आणि त्याच न्यायालयाने त्या मुलाला बाहेर राहायची मोकळीक दिली होती. "म्हणजे हेच लोक जास्त गुन्हे करतात!" असंही एका सुशिक्षित गृहस्थांनी आम्हाला ऐकवलं. या आकड्यांवरून एवढंच कळतं की कोण पकडलं गेलं आणि कोणाला सुटता आलं नाही. लाखोंच्या अफरातफरीचा आरोप असलेल्या माणसासाठी वकील आणि जामीनदार सकाळी दहाला कोर्टाच्या दारात उभे असतात. मोबाइलचोरीच्या आरोपीची आई वडापावचे पैसे वाचवून तारखेला जाते.

१९७८ साली मध्य प्रदेशातल्या मोतीराम या गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला होता, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भावाला जामीनदार म्हणून नाकारलं होतं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर खालच्या न्यायालयाला खडसावलं. त्याला अर्धशतक होत आलं, तरी आपल्या दारात तेच चाललं आहे.

हे पार्लं आहे. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात इथे छावणी होती, जमनालाल बजाजांसारखी माणसं त्या लढ्यात तुरुंगात गेली. त्या छावणीचा अभिमान आपण भाषणांतून मिरवतो. मग तुरुंगातून परतलेल्या पोराच्या आईला दार लावून घेताना लाज कशी वाटत नाही?

आता काय करायचं ते ऐका. आपल्या सोसायटीत अशी सूचना असेल तर आजच्या आज काढायला लावा, कार्यकारिणीला लेखी विचारा. तुमच्याकडे येणारी बाई, वॉचमन, इस्त्रीवाला, कुणाच्याही घरचं माणूस आत असेल तर आधी त्यांना सांगा की कोठडीतल्या प्रत्येकाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे, तो फ्रिजवर चिकटवा. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने प्राधिकरणाला कळवायचं, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२३ चा आदेश आहे. कळवलं का, हे आपण विचारायचं. गरीब कैद्याच्या जामिनासाठी केंद्राच्या योजनेत पैशाची मदत आहे, तिचा अर्ज भरून द्यायला आमची मुलं येतील. पहिल्याच गुन्ह्यातला आरोपी कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढून बसला असेल, तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार त्याला जामिनावर सोडायला हवं. फाशी-जन्मठेपेचे आणि एकाहून जास्त खटल्यांचे अपवाद आहेत, म्हणून कागद घेऊन या, आमचे वकील सभासद बघतील.

पण सगळ्यात मोठी गरज आहे जामीनदारांची. आरोपी तारखेला आला नाही तर रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते. जोखीम आहे, आम्ही ती लपवत नाही. मात्र आमचे सभासद आजवर ज्यांच्यासाठी उभे राहिले, त्यांतला एकही जण तारीख चुकलेला नाही. हे आम्ही छातीठोकपणे सांगतो. अडचण वेगळीच आहे. जामीनदाराला याआधी किती जणांना जामीन राहिलो ते कोर्टात लिहून द्यावं लागतं. आमच्या त्याच त्या मंडळींची नावं आता फार वेळा लागली आहेत. आम्हाला शंभर नवी माणसं हवीत: निवृत्त शिक्षक, बँकेतले, ज्यांच्या नावावर घर आहे असे.

रविवारी सकाळी दहा वाजता मंडळाच्या सभागृहात या. येताना आधार कार्ड, रेशन कार्ड, पगाराची किंवा पेन्शनची पावती आणि घराच्या कराची पावती आणा. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. ती बाईही येणार आहे. तिला काम हवं आहे, चारही घरं सुटली आहेत.