पेडणे खिडकीतूनच पाहावयाचे काय?

मदुरे मागे पडते, गाडी दीडेक किलोमीटर काळोखातून धावते आणि उजेड होतो न होतो तोच फलाट व पिवळी पाटी सर्रकन निघून जातात. पाटीवरील अक्षरे लागत नाहीत. पण पेडणेकर बोगद्यावरूनच ओळखतो, हे आपले स्थानक! मग शापोऱ्याचा पूल. थिवीस उतरून तीच नदी पुन्हा ओलांडीत माघारी येणे त्याच्या नशिबी आहे.

मांडवी व कोकणकन्या पेडण्यास थांबतात, हे खरे. परंतु जून 2023 मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या वंदे भारत गाडीस गोव्यात थांबे मिळाले ते थिवी आणि मडगाव. थिवीविषयी आमची तक्रार नाही. डिचोली शहरास स्थानकच नसल्याने तेथील लोकांची भिस्त त्यावरच आहे. शीघ्र गाडी गावोगाव थांबली तर ती शीघ्र कसली, हेही आम्ही जाणतो.

तथापि पेडण्याचा हक्क निराळा आहे. तेथील भुसभुशीत मातीत बोगदा वारंवार ढासळला आणि तो पुरा होईतो अवघी कोकण रेल्वे अडून राहिली. सबंध मार्गावर गाडी धावली ती 26 जानेवारी 1998 रोजी. साऱ्या मार्गाने ज्या गावापाशी वाट पाहिली, तेथे एका गाडीस दोन मिनिटे जड व्हावीत? जानेवारी 2023 पासून मोपाचा विमानतळही याच तालुक्यात चालू आहे. म्हणजे विमान पेडण्यात उतरते, वंदे भारत मात्र उतरू देत नाही! थिवीहून उलट पेडण्यास परतणारे उतारू रेल्वे महामंडळाने एकदा मोजावेत आणि सहा महिने तरी थांबा देऊन पाहावा.