कार्टून काढतं कोण?

मंडळी, हल्ली घराघरांत एक वाक्य कानावर पडतं, "आता काय, कार्टून कॉम्प्युटरच काढतो!" आमच्या वन्संच्या नातीला बारावीनंतर ॲनिमेशन शिकायचंय. एका क्लासवाल्यांनी तिला सांगितलं, चित्रकला येत नसली तरी चालेल, सॉफ्टवेअर शिकलं की झालं. फीचा आकडा ऐकून वन्सं मला म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही शाळेत इतकी वर्षं काढलीत, तुम्हीच सांगा काय ते." म्हणून हे टिपण. घरच्यांसाठीच आहे, पण बाकीच्यांनी वाचायला हरकत नाही.

पूर्वी हे काम कसं चाले ते आधी सांगते. कागदावर पेन्सिलीने चित्र काढायचं. मग ते 'सेल' नावाच्या पारदर्शक तुकड्यावर उतरवायचं. रेघा पुढच्या बाजूने, रंग मागच्या बाजूने, म्हणजे रंगाखाली रेघ झाकली जात नाही. (किती साधी युक्ती!) रंग वाळला की सेल रंगवलेल्या देखाव्यावर ठेवून फोटो घ्यायचा. सेकंदाला चौकटी २४. टीव्हीवाले काटकसर म्हणून एकच चित्र तीन चौकटी वापरत, तरी हलणाऱ्या पात्राला सेकंदाला ८ चित्रं लागतच. अर्ध्या तासाच्या एका भागाला हजारो सेल. हे रंगवण्याचं काम जपानात काय, अमेरिकेत काय, बहुतेक बायकाच करत. पडद्यावर हात त्यांचा, पण नावं कितीजणांना ठाऊक असतील?

१९९० नंतर जपानचं 'रेटास', इटलीचं 'टूंझ' अशी सॉफ्टवेअर आली. पेन्सिलीचं चित्र स्कॅन करायचं, रेघ स्वच्छ करायची आणि बंद आकारात एक क्लिक केलं की रंग भरतो. रेघेत कुठे फट राहिली तर रंग बाहेर गळतो, मग ती फट बुजवायची. रंगांना क्रमांक दिलेले असतात. नायिकेची साडी, चुकले, किमोनो, निळ्याचा हिरवा करायचा झाला तर एकाच ठिकाणी बदल करायचा, शेकडो चित्रांत तो आपोआप होतो. डबे, ब्रश, वाळायला टांगलेले सेल, त्यांवरची धूळ, सगळं गेलं. 'द सिम्पसन्स'ने २००२ मध्ये हा बदल केला. जपानची 'साझाए-सान' ही १९६९ पासून चालू असलेली घरगुती मालिका मात्र सेल सोडायला तयार नव्हती. २०१३ मध्ये तिनेही सोडले. अशी नेटाने टिकून राहिलेली माणसं मला आवडतात, पण ते असो.

आता मुद्द्याचं. यात चित्र कुणी काढलं? माणसानेच. कागदाऐवजी हल्ली पुष्कळजण पाटीसारख्या टॅब्लेटवर काढतात, पण रेघ हाताचीच. यंत्राने नेलं ते रंग भरण्याचं काम. आणि क्लासवाले आपल्या मुलीला शिकवू पाहताहेत ते नेमकं हेच, कुठलं बटण कधी दाबायचं! यंत्र सर्वांत आधी जे गिळतं, त्याच कामासाठी फी भरायची? दोन चित्रांमधली चित्रं आपोआप काढायचेही प्रयत्न चालू आहेत. उद्या बटणही दुसरं कुणी दाबेल.

याउलट मिचियो यासुदाबाईंचं बघा. १९५८ साली तोएई स्टुडिओत लागल्या, पुढे स्टुडिओ जिब्लीच्या चित्रपटांचे रंग ठरवू लागल्या. १९९७ च्या 'प्रिन्सेस मोनोनोके'त काही भाग टूंझवर रंगवला गेला, १९९९ चा 'यामादा' तर सबंध संगणकावर. बाईंचं काम गेलं नाही. संध्याकाळच्या उजेडात चेहरा कसा दिसतो, हे सॉफ्टवेअरला कुठे ठाऊक होतं? ते त्यांनाच सांगावं लागे. २०१३ च्या 'द विंड रायझेस'लाही रंग त्यांचेच होते.

शिवाय गंमत अशी, की तेच टूंझ 'ओपनटूंझ' या नावाने मार्च २०१६ पासून फुकट मिळतं. घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावं, आठवड्यात त्याची ओळख होईल. पोरीला ती अवघड नाही. अवघड आहे ते चालणाऱ्या माणसाचं वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं, आणि ते पेन्सिलीने शेकडो वेळा केल्याशिवाय येत नाही. माझं मत विचाराल तर फी तूर्त भरू नये. त्यापेक्षा आधी एखाद्या चांगल्या चित्रकला शिक्षकाकडे वर्षभर बसवावं. त्यानंतरही तिला क्लासला जायचं असेल तर खुशाल जाऊ दे, तेव्हा मी आड येणार नाही.

वन्संना हे पटलंय, त्यांच्या चिरंजीवांना अजून नाही. सध्या असं ठरलंय, की रोज एका सेकंदापुरती आठ चित्रं काढायची, घरचंच मांजर चालतानाची. चार दिवस झाले, मांजर अजून लंगडतंय.