‘वजन कमी कर’ एवढं सांगून पीसीओडी आटोक्यात येत नाही. आधी घराचं ताट बदलावं लागेल

लग्नसराई जवळ आली की तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यांत एक ठरलेलं दृश्य दिसतं. आई पुढं, वीस-बावीस वर्षांची पोरगी मागं. पोरगी गप्प. आई हळू आवाजात सांगते, "पाळी दोन-दोन महिने येत नाही. लग्नाआधी तेवढी नीट करून द्या." सोनोग्राफी होते, कागदावर ‘पीसीओडी’ लिहिलं जातं, गोळ्या मिळतात. निघताना डॉक्टर सांगतात, "वजन कमी कर, बाहेरचं खाऊ नको."

पोरगी घरी येते. घरात तोच गोड चहा, तेच रात्री साडेनऊचं जेवण. गोळ्या संपल्या की पाळी पुन्हा लांबते. बोल कुणाला? पोरीलाच. "सांगितलेलं ऐकतच नाही." पण जे सांगितलं ते एकट्या पोरीच्या हातात होतं का, हे कुणी विचारत नाही.

आजार दुर्मीळ नाही

आपण ज्याला पीसीओडी म्हणतो, त्याला डॉक्टर आता पीसीओएस म्हणतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभरात 18 ते 40 वयाच्या साडेनऊ हजारांहून जास्त बायकांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. कडक निकष लावले तर सुमारे 7 टक्के आणि आज जगभर वापरले जाणारे निकष लावले तर जवळपास 20 टक्के बायकांमध्ये हा आजार आढळला. म्हणजे दहा-पंधरा जणींच्या बचत गटात एक-दोघी तरी असणारच. फक्त कुणी बोलत नाही.

पाळीचा नाही, साखरेचाही आजार

यात शरीरात इन्सुलिन असतं, पण अनेकींत ते नीट लागू पडत नाही. मग शरीर आणखी इन्सुलिन तयार करतं. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं. त्यामुळं अंडं वेळेवर सुटत नाही, पाळी लांबते, हनुवटीवर राठ केस येतात, मुरुम जात नाहीत, डोक्यावरचे केस विरळ होतात. मान काळी पडते ती मळ म्हणून लिंबानं घासली जाते. तो मळ नसतो, इन्सुलिनची खूण असते.

सोनोग्राफीत ‘गाठी’ दिसल्या म्हणून घरात रडारड होते. त्या कॅन्सरच्या गाठी नव्हेत. अर्धवट वाढून थांबलेल्या अंड्यांच्या त्या बारीक पिशव्या असतात. उलट नुसत्या सोनोग्राफीवरून आजार ठरवताही येत नाही. थायरॉइड आणि इतर कारणं आधी तपासावी लागतात. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती थोडी मागं-पुढं होतेच, त्यामुळं शाळकरी मुलीवर लगेच शिक्का मारू नये.

खरा धोका पुढं आहे. या बायकांना मधुमेह आणि रक्तदाब लवकर गाठू शकतो. गरोदरपणात शुगर वाढू शकते. पाळी महिनोन्‌महिने आलीच नाही तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि पुढे तिथल्या कॅन्सरचा धोका वाढतो. "लग्न झालं की आपोआप बरं होतं" हे खोटं आहे. "हिला मूल होणार नाही" हेही खोटं. उपचारानं बहुतेकींना मूल होतं.

साखरेच्या जिल्ह्यातलं ताट

सोलापूर जिल्हा ज्वारीचाही आणि साखर कारखान्यांचाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण घरोघरचं ताट बघा. रेशनवर वर्षानुवर्षं गहू-तांदूळ आला, सकाळी चहा-बिस्कीट आलं आणि भाकरी एका वेळेवर गेली.

चहाचाच हिशोब करू. एका कपात दोन चमचे साखर, दिवसात चार कप, म्हणजे आठ चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला साधारण सहा चमच्यांच्या आत असलेली बरी. आपला आकडा नुसत्या चहातच ओलांडला. बिस्किटं, सरबत, सणाचं गोड वेगळंच.

उपवासाचंही तसंच. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, एकादशी घरोघरी. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. वर तळलेला बटाटा. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच नाही. उपवास सोडा असं कुणी म्हणत नाही. ताक, शेंगदाणे, राजगिरा, एखादं फळ यावरही एकादशी होते.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, घरातली बाई जेवते शेवटी. तोवर भाजी तळाला लागलेली, आमटीचं नुसतं पाणी उरलेलं. मग भात आणि भाकरीवर पोट भरायचं. अशा बाईला "डाएट कर" सांगणं म्हणजे थट्टाच. तिच्या ताटात आधी मटकी, हुलगे, मूग, पिठलं, चालत असेल तर अंडं, आणि मेथी-शेपू-तांदळजा वाढला गेला पाहिजे. 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात की पीसीओएससाठी अमुकच एक आहार श्रेष्ठ असं काही नाही. त्यामुळं मोबाइलवर ‘21 दिवसांत पीसीओडी गायब’ म्हणून जे पावडरचे डबे विकतात, त्यात पैसे घालवू नका.

चालायचं कुठं?

त्याच सूचनांनुसार आठवड्याला किमान 150 मिनिटं दम लागेल असं चालणं किंवा काम हवं, म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास. शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम. शेतात राबणाऱ्या बाईची ही मिनिटं बहुतेक वेळा कामातच भरतात. तिला व्यायामाचा उपदेश नको, पोटभर चांगलं जेवण, झोप आणि तपासणी हवी. अडचण आहे ती कॉलेजच्या मुलीची आणि घरात बसून शिलाई करणाऱ्या सुनेची.

ती चालणार कुठं? गाळपाच्या हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. पहाटे कुत्री. संध्याकाळी पारावरच्या नजरा, आणि "पोरगी रोज कुठं जाते?" हा प्रश्न. एकटीनं निघणं अवघड, पण बचत गटातल्या आठ-दहा जणी मिळून निघाल्या तर कुणी बोट दाखवत नाही. शाळेचं मैदान संध्याकाळी तासभर बायकांसाठी उघडं ठेवणं आणि तिथं एक दिवा लावणं, हे ग्रामपंचायतीला जड नाही. तेही जमलं नाही तर अंगणात दोरीच्या उड्या, सूर्यनमस्कार, फुगडी चालते.

वजन जास्त असेल तर पाच टक्के उतरलं तरी फरक पडतो. 60 किलोच्या बाईसाठी ते 3 किलो होतात. बारीक मुलींनाही हा आजार होतो. त्यांनी वजन घटवायचं नाही, सवयी मात्र याच ठेवायच्या. घरी शिंप्याची टेप असतेच. भारतीय बाईच्या कंबरेचा घेर 80 सेंटीमीटरच्या वर गेला की जपायला हवं.

मधली दहा वर्षं कुणाची?

सरकारी यंत्रणेतही एक फट आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 10 ते 19 वयाचा. गावात मधुमेह-रक्तदाबाची घरोघरची तपासणी सुरू होते ती 30 वर्षांपासून. म्हणजे 20 ते 29 वयाची बाई आरोग्य खात्याला दिसते ती मुख्यतः गरोदर असेल तेव्हा. नेमक्या याच वयात पीसीओएस डोकं वर काढतो. सप्टेंबर 2025 मध्ये ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ अभियानात गावोगावी महिलांची शिबिरं झाली. ते चांगलंच. पण शिबिर संपल्यावर बावीस वर्षांच्या मुलीची शुगर दर वर्षी बघणार कोण?

पाळी लांबणाऱ्या मुलींची आणि सुनांची नोंद आशाताईंच्या वहीत असावी आणि तीस वर्षं पूर्ण होण्याची वाट न बघता त्यांची शुगर-बीपी उपकेंद्रातच तपासली जावी. ही मागणी ग्रामसभेत करता येते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. आयुष्मान आरोग्य मंदिरातून ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलण्याचीही सोय आहे.

दवाखाना कधी गाठायचा?

• पाळी सुरू होऊन तीन वर्षं झाली आणि तरीही ती 35 दिवसांच्या पुढं जाते, किंवा वर्षात आठपेक्षा कमी वेळा येते.
• सलग तीन महिने पाळी नाही. लग्न झालेलं असेल तर आधी गर्भतपासणी करा.
• हनुवटीवर, छातीवर राठ केस, मान काळी पडणं.
• सारखी उदासी, झोप न येणं. या आजारात हे बऱ्याचदा होतं. त्यासाठी टेलि-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक आहे.

पाळी आणायच्या गोळ्या मेडिकलमधून स्वतःच्या मनानं घेऊ नका. डॉक्टरांनी मधुमेहाची किंवा गर्भनिरोधक गोळी लिहून दिली तर "अविवाहित पोरीला ही कशाला?" म्हणून बंदही करू नका. त्या या आजारावरच्याच गोळ्या आहेत.

राहता राहिला घराचा प्रश्न. चहातली साखर निम्मी केली, रात्रीचं जेवण आठला झालं, सगळे एकत्र जेवायला बसले, तर त्याचा फायदा एकट्या पोरीला नाही. बापाच्या शुगरला, आजीच्या बीपीलाही तो होणारच आहे. पोरीला एकटीला वेगळं ताट वाढाल तर ते चार दिवस टिकेल. सगळ्या घराचं ताट बदललं तरच ती तब्येत सांभाळू शकेल.