स्वस्त 'अँटिक' बाजारात मिळत नाही, बाजारात यायच्या आधी मिळतं



जुन्या फर्निचरचे इंग्रजी व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. अमेरिकेतली एखादी बाई थ्रिफ्ट स्टोअरमध्ये शिरते, कोपऱ्यात धूळ खात पडलेलं टेबल वीस डॉलरला उचलते, घरी नेऊन घासते-पुसते आणि दोनशेला विकते. दहा मिनिटांत धंदा उभा! मग प्रश्न येतो, "सर, आपल्याकडे चोर बाजारातून नाहीतर जुन्या बाजारातून माल उचलून हेच करता येईल का? लाख-दीड लाख घालायची तयारी आहे."

धंदा करता येईल. पण त्या व्हिडिओतल्या पद्धतीने केलात तर ते लाख-दीड लाख लाकडात अडकून बसतील. का, ते आधी समजून घ्या.

तिकडचं थ्रिफ्ट स्टोअर म्हणजे मुळात दानाचं दुकान. गुडविल ही संस्था 1902 मध्ये बोस्टनला सुरू झाली, साल्व्हेशन आर्मीची दुकानंही तशीच. लोक घरातलं नको असलेलं सामान फुकट देऊन जातात, संस्था ते विकून आपलं समाजकार्य चालवते. माल फुकट आलेला, रोज नवा येतोय, जागा मोकळी करायचीय. किंमत लावणाऱ्याच्या समोर शर्ट, कपबश्या, पुस्तकं आणि टेबल सगळं एकाच ढिगात असतं. त्याच्या नजरेतून एखादी चांगली वस्तू सुटते. तुमचा फायदा म्हणजे त्याची सुटलेली नजर.

आता आपल्याकडे या. मुंबईत मटण स्ट्रीटवरचा चोर बाजार, जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. इथे फुकट आलेली एकही वस्तू नाही. घरातून भंगारवाल्याने घेतली, त्याच्याकडून गोडाऊनवाल्याने, त्याच्याकडून दुकानदाराने. तीन हातांतून आली आणि तिन्ही हातांना लाकूड कळतं. बापापासून धंदा करणारा माणूस ड्रॉवर ओढून बघायच्या आधी आवाजावरून सांगतो सागवान आहे की नाही. त्याच्या नजरेतून सुटलेली वस्तू तुम्हाला पहिल्या महिन्यात सापडेल, हा समज सोडा. उलट "साहेब, इंग्रजांच्या जमान्यातलं आहे" असं म्हणून गेल्या वर्षी त्याच बाजारात बनवून, घासून, काळपट पॉलिश मारलेलं टेबल तुमच्या गळ्यात पडायची शक्यता जास्त.

मग बाजारात जायचंच नाही का? जायचं, पण शिकायला. पहिले चार-पाच रविवार खिशात पैसे न ठेवता जा. मोजपट्टी आणि बॅटरी घेऊन. भाव विचारा, ड्रॉवर बाहेर काढा, खालून बघा, पाठीमागून बघा. समोरून सगळंच चांगलं दिसतं, खरं-खोटं पाठीला आणि तळाला कळतं. ड्रॉवरचा तळ प्लायवूडचा निघाला तर थांबून विचार करा. वरचे रेषे कडेवरून खाली सलग वळत नसतील, कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली दिसली, तर ते आख्खं लाकूड नाही, वरून पातळ पापुद्रा आहे. स्क्रू बघा. चार पाकळ्यांचा, ज्याला आपण प्लस स्क्रू म्हणतो, त्या फिलिप्स स्क्रूची पेटंटं 1936 मधली आहेत. "1920 चं कपाट" म्हणून दाखवलेल्या वस्तूत सगळीकडे प्लस स्क्रू असतील तर एक तर वय खोटं, नाहीतर सगळं खोलून पुन्हा जोडलेलं. जुन्या कामात ड्रॉवरचे कोपरे कबुतराच्या शेपटीसारख्या खाचांनी एकमेकांत अडकवलेले असतात आणि हाताने केलेल्या खाचा कधी अगदी एकसारख्या नसतात. वस्तूखाली पिठासारखी पांढरट भुकटी दिसली तर किडा जिवंत आहे. सागाचा मधला गाभा किडा सहसा खात नाही, पण कडेचं फिकट, कच्चं लाकूड खातो. बोटाने दाबून बघा.

आरामखुर्च्या आणि इराणी हॉटेलातल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या दिसल्या तर बैठकीच्या खालची चौकट उलटी करून जरूर बघा. या वळणाची सगळ्यात प्रसिद्ध खुर्ची थोनेट कंपनीने 1859 मध्ये बाजारात आणली. सुटे भाग करून खोक्यात भरायची, पोचल्यावर जोडायची, म्हणून ती जगभर गेली. खाली कागदी लेबल किंवा छाप शिल्लक असेल तर त्या खुर्चीचा भाव वेगळा. (लेबल दिसलं म्हणून दुकानदारासमोर उडी मारू नका, एवढं तरी पाळा.)

तर बाजार ही तुमची शाळा. खरेदी कुठे करायची? माल घरातून बाहेर पडतो त्या दारात.

मुंबईत दादर, माटुंगा, गिरगाव बघा, पुण्यात पेठा आणि जुन्या सोसायट्या बघा. रिडेव्हलपमेंट जोरात आहे. एक बिल्डिंग खाली व्हायची म्हटलं की वीस-पंचवीस बिऱ्हाडं एकाच महिन्यात हलतात. सात फुटी सागवानी कपाट, शिसवी पलंग, कड्यांचा झोपाळा, आरशाचं टेबल. भाड्याच्या तात्पुरत्या घरात यातलं काहीच मावत नाही. शेवटच्या आठवड्यात माणूस "कोणीतरी घेऊन जा हो" म्हणतो आणि भंगारवाला फुकटात नेतो. तुम्ही तिथे भंगारवाल्याच्या आधी पोचायला हवं. म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरीशी, वॉचमनशी, पॅकर्स-मूव्हर्सच्या मुकादमाशी, भागातल्या सुतार मिस्त्रीशी ओळख. धंद्याचं खरं भांडवल ते आहे. दीड लाख नंतर.

इथेच एक नाजूक प्रश्न येतो आणि माझं मत यावर पक्कं आहे. समोर सत्तर-पंच्याहत्तरीच्या आजी असतात. त्यांना शिसवी पलंगाची किंमत माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. "हजार रुपये देतो आजी, जुनंच झालंय" म्हणून उचलायचा का? बरेच जण याला व्यवहारचातुर्य म्हणतात. मी म्हणत नाही. बाजारातल्या दुकानदाराशी घासाघीस करा, तो बरोबरीचा गडी आहे. आजींना सांगा, "हे शिसव आहे, दुरुस्त करून एवढ्याला जाईल, माझा खर्च एवढा, म्हणून मी एवढे देऊ शकतो." नफा कमी होईल, मान्य. पण त्याच जिन्यात अजून एकोणीस घरं आहेत आणि महिनाभरात त्या पलंगाचा फोटो तुमच्या पेजवर पाचपट किमतीला आजींची सूनबाई बघणार आहे. ती बातमी सोसायटीच्या ग्रुपवर जायला किती वेळ लागतो, सांगायला नको. उलट नीट भाव देणाऱ्याला लोक स्वतःहून फोन करतात. हे धंद्याचं गणित म्हणूनच सांगतोय. पण गणित नसतं तरी मी हेच सांगितलं असतं.

आता पैशाचं. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमच्या गावचे दर तुम्ही विचारा. मोठं कपाट 6,000 ला घेतलं. टेम्पो 1,500, दोन मजल्यांची हमाली 800, सुताराचे दोन दिवस 2,400, लाखेचं पॉलिश 3,500, बिजागऱ्या-मुठी-काच 1,200, तीन महिने ठेवायची जागा 2,100, गिऱ्हाइकाच्या घरी पोचवणं 1,500. झाले 19,000. विकलं 22,000 ला. तीन महिन्यांनी हातात 3,000, आणि तुमच्या स्वतःच्या फेऱ्यांचे पैसे यात धरलेलेच नाहीत. दुसरीकडे वेत फाटलेली आरामखुर्ची 1,200 ला. वेताची विणाई 1,800, पॉलिश 1,000, ने-आण 400. एकूण 4,400. महिन्याभरात 7,000 ला गेली तर 2,600 सुटले.

कपाट वाईट म्हणून नाही. ज्या कारणाने ते तुम्हाला स्वस्त मिळालं, त्याच कारणाने ते विकलं जात नाही! आजींच्या नव्या घरात मावलं नाही, ते तुमच्या गिऱ्हाइकाच्या टू-बीएचकेमध्ये कसं मावेल? खरेदी करताना पहिलं माप लिफ्टच्या दाराचं डोक्यात ठेवा. पेटारा, चौरंग, मुनीमजींचं उतरतं डेस्क, स्टूल, आरशाची चौकट, आरामखुर्ची या वस्तू फिरतात. मोठी वस्तू घ्यायचीच तर खोलून सुटी होणारी घ्या, नाहीतर गिऱ्हाईक आधी ठरवून मगच उचला.

आता 'अँटिक' या शब्दाबद्दल. पाटीवर हा शब्द लिहू नका, असं मी सरळ सांगतो. आपल्याकडे 1972 चा अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स ॲक्ट आहे. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू त्यात येते, आणि इमारतीतून काढलेला भागसुद्धा येतो. म्हणजे वाड्याचा कोरीव दरवाजा, खांब, तुळईचं नक्षीकाम. अशा वस्तू विकायचा धंदा करायला लायसन्स लागतं आणि खासगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. आता विचार करा. तुमच्या हाती येणारा बहुतेक माल 1940 ते 1970 मधला. त्याला अँटिक म्हणालात तर गिऱ्हाइकाला फसवलं. आणि वस्तू खरोखर शंभरीची असेल तर पहिला प्रश्न, लायसन्स कुठंय? दोन्हीकडून अडकलात. 'जुनं सागवानी, दुरुस्त केलेलं' एवढं लिहा, काय बदललं तेही लिहा. लंडन-दुबईच्या मराठी माणसाने वाड्याचा दरवाजा मागितला तर वय तपासल्याशिवाय हो म्हणू नका.

कागद पहिल्या दिवसापासून ठेवा. घेतलेल्या प्रत्येक वस्तूची साधी पावती: कोणाकडून, काय, किती रुपये, सही, ओळखपत्राची प्रत आणि वस्तूचा तिथल्या तिथे काढलेला फोटो. चोरीचा माल माहीत असून घेणं हा गुन्हा आहे आणि तुम्हाला माहीत नव्हतं हे दाखवायला ही पावतीच कामी येते. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या पुढे जाईपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. नोंदणी झाल्यावर जुन्या मालासाठी मार्जिनवर कर भरायची सोय आहे, म्हणजे विक्री वजा खरेदी एवढ्याच रकमेवर, खरेदीवर क्रेडिट घेतलं नसेल तर. वरच्या कपाटात ही रक्कम 16,000 होते, 3,000 नाही. दुरुस्तीचा खर्च त्यातून वजा होत नाही. आणि वस्तूचं रूपच बदललं, दरवाज्याचं डायनिंग टेबल केलं, तर ही सोय लागू होत नाही. 'अपसायकलिंग' करायचा विचार असणाऱ्यांनी सीएला आधी भेटा.

सुरुवात कितीत करायची? माझा सल्ला 25,000, तेही पाच-सहा छोट्या वस्तूंत. त्या विकल्याशिवाय सातवी घ्यायची नाही, कितीही स्वस्त मिळाली तरी. पुढच्या व्हिडिओत लाखेचं पॉलिश घरी कसं करायचं ते दाखवतो. चपडी लाख आणि स्पिरिट आणून ठेवा, पण खोलीत खिडकी उघडी हवी आणि जवळ गॅस नको.